एकटीने प्रवास करणारी भगिनी आणि आपला धर्मग्राम

फेब्रुवारी महिन्यात नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिराची यात्रा भरते. वसई, मुंबई, पुणे, अहिल्यानगर अशा दूरदूरच्या ठिकाणांहून भाविक रेल्वेने आणि एस.टी.ने येतात. सप्टेंबरमध्ये हरिगावच्या मतमाउलीच्या यात्रेलाही अशीच रीघ लागते. या गर्दीत खांद्याला एक पिशवी अडकवून एकटीच आलेली स्त्री आता सहज दृष्टीस पडते. कोणी रात्रपाळी संपवून तशीच गाडीत बसलेली परिचारिका असते, कोणी पेठ-सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेतील शिक्षिका असते, तर कोणी मुले परगावी गेल्यामुळे सोबत उरली नाही अशी साठीची विधवा असते. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.च्या सर्व गाड्यांत महिलांना निम्मे भाडे झाले आणि पूर्वी “एवढ्या पैशांत कशाला जायचे?” असे म्हणणाऱ्या अनेक भगिनी घराबाहेर पडू लागल्या.

घरून निघताना त्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : “सोबत कोण आहे?” हा प्रश्न मायेपोटी येतो हे आम्ही जाणतो. तरीही तो अपुरा आहे असे आम्हांस वाटते. “तिकडे तुला उतरवून घ्यायला कोण येणार आहे?”, “काही अडचण आली तर तू कोणाला फोन करशील?” आणि “जे घडेल ते आम्हांला मोकळेपणाने सांगशील ना?” हे तीन प्रश्न त्याहून अधिक महत्त्वाचे आहेत. ते का, हे या लेखात मांडण्याचा प्रयत्न आहे.

पवित्र मारियेचा प्रवास

दरवर्षी ३१ मे रोजी आपण पवित्र मारियेच्या भेटीचा सण साजरा करतो. देवदूताचा निरोप मिळाल्यावर मारिया लगबगीने यहुदियाच्या डोंगराळ प्रदेशात एलिझाबेथकडे गेली, असे संत लूक सांगतो. तिच्यासोबत कोण होते याचा उल्लेख तो करीत नाही. नाझरेथपासून तो प्रदेश शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे, म्हणजे चार-पाच दिवसांची वाट. चित्रकारांनी आणि प्रवचनकारांनी पुढे कधी योसेफाला, कधी एखाद्या तांड्याला तिच्याबरोबर धाडले. शुभवर्तमानाचे लक्ष मात्र वाटेवर नसून दारावर आहे. एलिझाबेथ तिला पाहताच आनंदाने पुढे होते, तिच्यावर कोणताही संशय न घेता तिला घरात घेते आणि मारिया तिथे सुमारे तीन महिने राहते. अविवाहित आणि गर्भवती मुलगी दारात उभी असताना तिचे असे स्वागत व्हावे, यातले मोल ज्यांना मुली आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

संत पौलाच्या रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात फिबी नावाची भगिनी भेटते. ती किंख्रिया येथील ख्रिस्तमंडळीची सेविका होती आणि रोमला निघाली होती. पौल रोममधील श्रद्धावंतांना विनवतो की, तिचे प्रभूमध्ये स्वागत करा आणि तिला जे काही लागेल त्यात साहाय्य करा, कारण तिनेही अनेकांना आधार दिला आहे. हे पत्र तिच्याच हाती पाठवले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. आजही परगावच्या वसतिगृहात प्रवेश घेताना आपल्या मुली धर्मगुरूंचे शिफारसपत्र नेतात. त्या पत्राचे मूळ इतके जुने आहे. फरक एवढाच की, पौल पत्र घेणाऱ्यांवर जबाबदारी टाकतो आणि आपण ते कागदपत्रांच्या फाईलमध्ये लावून मोकळे होतो.

चौथ्या शतकात एगेरिया नावाची एक भाविक स्त्री युरोपच्या पश्चिम टोकाकडून यरुशलेम आणि सीनाय पर्वतापर्यंत गेली. तिच्या प्रवासवर्णनाचे हस्तलिखित १८८४ मध्ये इटलीतील अरेझ्झो येथे सापडले. ती लिहिते की, धोक्याच्या टप्प्यात तिने रोमन सैनिकांचा पहारा घेतला आणि राजमार्ग लागताच त्यांना परत पाठवले. कुठे मदत घ्यावी आणि कुठे ती नको म्हणावी, याचा निवाडा तिचा तिने केला.

नाशिकची एक कन्या

आपल्या शहरातलेच उदाहरण द्यायचे तर कॉर्नेलिया सोराबजी यांचे देता येईल. त्यांचा जन्म १८६६ मध्ये नाशिकचा. वडील सोराबजी खरशेटजी हे पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले मिशनरी. हे कुटुंब अँग्लिकन पंथाचे, आपल्या पंथाचे नव्हे; पण नाशिकच्या ख्रिस्ती इतिहासातले त्यांचे स्थान आपल्यालाही अभिमानाचे आहे. शरणपूर रस्त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना ते नाव तिथल्या जुन्या मिशन वसाहतीचे आहे हे ठाऊक असेल?

कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. गुणांवर मिळू शकणारी इंग्लंडची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना केवळ स्त्री म्हणून नाकारली गेली. तेव्हा लेडी हॉबहाऊस आणि त्यांच्या स्नेह्यांनी इंग्लंडमध्ये निधी उभा केला. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही हातभार होता. १८८९ मध्ये बावीस-तेवीस वर्षांची ही मुलगी कुटुंब मागे ठेवून ऑक्सफर्डला गेली आणि १८९२ मध्ये तिथली कायद्याची बी.सी.एल. परीक्षा देणारी पहिली स्त्री ठरली. परीक्षा उत्तीर्ण होऊनही पदवी हाती पडायला जवळजवळ तीस वर्षे लागली, कारण त्या विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या देणे १९२० मध्ये सुरू केले.

१९०४ पासून त्या बंगाल आणि आसपासच्या प्रांतांत पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेच्या प्रश्नांवर सरकारच्या कायदा सल्लागार म्हणून काम करू लागल्या. ज्या विधवा पुरुष वकिलासमोर येऊ शकत नव्हत्या, त्यांच्यापर्यंत त्या रेल्वेने, होडीने, पालखीने आणि प्रसंगी हत्तीवरूनही पोहोचल्या. तो प्रवास कोणी थांबवला असता तर वाड्यांत कोंडलेल्या त्या स्त्रियांच्या दाराशी कायदा गेलाच नसता. मुलीला घरी ठेवले की ती सुरक्षित राहते, एवढेच आपण पाहतो. ती घरी राहिल्यामुळे कोणाकोणाचे काय अडते, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

सोबत असूनही, गर्दी असूनही

आता कटू उदाहरणांकडे वळू. १६ डिसेंबर २०१२ रोजी दिल्लीत चालत्या बसमध्ये जिच्यावर अत्याचार झाला, त्या तरुणीसोबत तिचा मित्र होता. २२ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या शक्ती मिल परिसरात अत्याचाराला बळी पडलेल्या छायाचित्रकार तरुणीसोबत तिचा सहकारी होता. दोन्ही ठिकाणी “सोबत कोण आहे?” या प्रश्नाला उत्तर होते.

गर्दीचेही तसेच. धन्यवादित सिस्टर राणी मारिया या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या धर्मभगिनी मध्य प्रदेशातील उदयनगर येथे भूमिहीन आदिवासींमध्ये काम करीत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या इंदूरला जाण्यासाठी बसमध्ये बसल्या आणि वाटेत त्याच बसमध्ये त्यांच्यावर चाकूचे अनेक वार झाले. बस प्रवाशांनी भरलेली होती. कोणी पुढे झाले नाही. त्यांची हत्या सावकारांच्या रोषातून झाली, त्यामुळे तिची तुलना प्रवासातील नेहमीच्या धोक्यांशी करता येत नाही, हे खरे. पण भरलेली बस म्हणजे सुरक्षित बस, ही आपली समजूत त्या दिवशी खोटी ठरली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

आणि बरोबर तीस वर्षांनी, २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे, पुण्याच्या स्वारगेट बसस्थानकावर गावाकडे जाण्यासाठी गाडीची वाट पाहणाऱ्या एका तरुणीवर उभ्या बसमध्ये अत्याचार झाल्याचा गुन्हा नोंदवला गेला. तिच्या तक्रारीनुसार आलेला माणूस गोड बोलत होता, तिला ‘ताई’ म्हणत होता आणि तुमची गाडी पलीकडे लागली आहे असे सांगून त्याने तिला अंधारातल्या बसकडे नेले. आपण मुलींना दांडगट माणसापासून दूर राहायला शिकवतो. ‘ताई’ म्हणून वाट दाखवणाऱ्यापासून सावध राहायला शिकवत नाही. उलट अशा माणसाला नाही म्हणणे हा उद्धटपणा आहे असेच त्यांच्या मनावर बिंबवतो. गाडी कुठे लागते हे चौकशीच्या खिडकीवर किंवा गणवेशातील वाहकालाच विचारावे, आणि एखाद्याचे मन राखण्यासाठी दिव्याच्या उजेडातून काळोखात जाऊ नये, एवढे तरी आपल्या घरात स्पष्टपणे बोलले जावे.

कायदा काय देतो

रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यातील काही तरतुदी फार थोड्या भगिनींना ठाऊक असतात. कलम ५८ प्रमाणे प्रत्येक प्रवासी गाडीत स्त्रियांसाठी डबा किंवा काही जागा राखून ठेवणे रेल्वेवर बंधनकारक आहे, आणि कलम १६२ प्रमाणे अशा राखीव डब्यात पुरुषाने शिरणे हा अपराध आहे. लांब पल्ल्याच्या मेल व एक्सप्रेस गाड्यांत शयनयान वर्गात सहा बर्थ महिलांसाठी राखीव असतात. एकटी प्रवास करणारी कोणत्याही वयाची स्त्री आरक्षण करताना ‘लेडीज’ कोटा निवडू शकते. ४५ वर्षांपुढील स्त्रिया व गर्भवती यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटाही आहे.

कलम १३९ मधील एक अट तर प्रत्येक आईने मुलीला सांगावी अशी आहे. तिकीट हरवले किंवा चुकीच्या गाडीत बसल्यामुळे भाडे देता आले नाही, तरी पुरुष सहप्रवासी नसलेल्या स्त्रीला किंवा बालकाला वाटेतल्या कुठल्याही स्थानकावर उतरवता येत नाही. तिने जिथून प्रवास सुरू केला ते स्थानक, जंक्शन, शेवटचे स्थानक किंवा जिल्ह्याचे मुख्यालय असलेले स्थानक, एवढ्याच ठिकाणी आणि तेही फक्त दिवसा उतरवता येते. म्हणजे रात्री दोन वाजता एखाद्या ओसाड स्थानकावर “उतर खाली” असे दरडावणाऱ्याला तिने शांतपणे या कलमाची आठवण द्यावी.

रेल्वेतील मदतीसाठी १३९ हा क्रमांक आहे. पूर्वी सुरक्षेसाठी १८२ हा वेगळा क्रमांक होता; तो १ एप्रिल २०२१ पासून १३९ मध्ये विलीन झाला. जुने फलक अजून कुठे दिसले तर गोंधळून जाऊ नये. रेल्वे सुरक्षा दलाने २०२० मध्ये देशभर ‘मेरी सहेली’ हा उपक्रम सुरू केला. त्यात गाडी सुटण्याच्या स्थानकावर महिला जवान एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांना भेटतात, त्यांचे आसन नोंदवून घेतात आणि पुढच्या स्थानकांना कळवतात. रेल्वेबाहेर कुठेही ११२ हा क्रमांक चालतो. १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या मोबाईल संचांत संकटकाळचे बटण असावे असा केंद्र सरकारचा नियम झाला : साध्या फोनवर ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरणे, तर स्मार्टफोनवर पॉवरचे बटण लागोपाठ तीनदा दाबणे. आपल्या संचात ती सोय कशी चालते हे घरीच पाहून ठेवावे.

काही घडलेच तर गुन्हा कोणत्या हद्दीत घडला याचा शोध लावण्याची जबाबदारी पीडितेची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांनुसार हद्द कोणतीही असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवता येते. लोक तिला ‘झिरो एफआयआर’ म्हणून ओळखतात. लैंगिक गुन्ह्यातील स्त्रीची फिर्याद महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते, आणि बलात्कारासारख्या गुन्ह्यातील पीडितेची ओळख जाहीर करणे हा स्वतंत्र अपराध आहे. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात रंगणाऱ्या गप्पांनाही हा कायदा लागू पडू शकतो, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

नाशिकला येणाऱ्या भगिनीसाठी

परगावच्या मुलीची पहिली फसगत नकाशावर होते. नाशिकरोड स्थानक म्हणजे नाशिक शहर नव्हे. जुने सीबीएस तिथून नऊ-दहा किलोमीटरवर आहे. बाळ येशू मंदिर मात्र नाशिकरोडलाच, पुणे रस्त्यावर नेहरूनगरला आहे. त्यामुळे यात्रेला येणाऱ्या भगिनीने शहरात जाण्याचे कारणच नाही. एस.टी.ची स्थानकेही एक नाही, अनेक आहेत : जुने सीबीएस, ठक्कर बाजार, मुंबई नाक्याजवळचे महामार्ग स्थानक, पंचवटीतील निमाणी. “सीबीएसवर उतर” असा मोघम निरोप देणारे काका आणि महामार्ग स्थानकावर उतरून त्यांची वाट पाहणारी भाची, हा प्रसंग नाशिककरांच्या घरोघरी घडलेला आहे. रिक्षात बसण्यापूर्वी भाडे ठरवावे आणि रिक्षाचा क्रमांक घरच्यांना फोनवर मोठ्याने सांगावा. तो क्रमांक चालकाच्या कानी पडणे हेच त्यातले महत्त्वाचे.

नाशिक उष्ण कटिबंधात असल्याने इथे संध्याकाळ रेंगाळत नाही. डिसेंबरमध्ये नाशिकला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अर्ध्या तासात काळोख पडतो. जूनमध्ये तोच सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो. म्हणून “सातपर्यंत पोहोचेन” या वाक्याचा अर्थ ऋतूप्रमाणे बदलतो. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट असा तीव्र आहे. नाशिककडे येणाऱ्या गाड्यांना तिथे मागून जादा इंजिने लावावी लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये दरड आली किंवा रुळांवर पाणी साचले की गाड्या खोळंबतात आणि संध्याकाळची गाडी मध्यरात्री येते. त्या महिन्यांत दुपारी पोहोचणारी गाडी निवडावी आणि फोन भारलेला ठेवावा. गाडी कसारा-इगतपुरीलाच अडकली तर खाली उतरून रस्त्याने वाहन शोधण्याचा मोह टाळून डब्यातच इतर स्त्रियांजवळ बसावे.

उन्हाळ्यातला धोका वेगळा, आणि त्याविषयी संकोचाने कोणी बोलत नाही. वाटेत स्वच्छ शौचालय मिळणार नाही या भीतीने असंख्य स्त्रिया प्रवासाआधी आणि प्रवासात पाणीच पीत नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हात यातून चक्कर येते, ऊन लागते, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो; आणि भोवळ येऊन पडलेल्या स्त्रीला तर अनोळखी हातांवरच विसंबावे लागते. तेव्हा पाणी प्यावे आणि मोठ्या स्थानकांवरील प्रतीक्षालयाचा निःसंकोच उपयोग करावा. तान्हे मूल सोबत असेल तर बसस्थानकावरील हिरकणी कक्षाची चौकशी करावी.

धर्मग्रामाचे काम

१८९७ मध्ये म्युनिक शहरात एलेन अम्मान या कॅथोलिक गृहिणीने रेल्वे स्थानकावर एक सेवाकेंद्र सुरू केले. खेड्यांतून मोलकरणीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी एकट्या येणाऱ्या मुलींना दलाल स्थानकावरच गाठत आणि फसवून नेत. अम्मान यांच्या सहकारी स्त्रिया फलाटावर उभ्या राहत, मुलींना निवाऱ्याचा पत्ता देत आणि मालकाची खातरजमा करीत. मुलींनी गावातच राहावे असा उपदेश त्यांनी केला नाही. त्या फलाटावर गेल्या. जर्मनीतील अनेक स्थानकांवर ही सेवा आजही चालू आहे.

आपल्याकडे महिला मंडळे आहेत, संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आहे, मारियेची सेना आहे. यात्रेच्या दोन दिवसांसाठी नाशिकरोड स्थानकावर आपल्या चार भगिनी ओळखपत्र लावून उभ्या राहिल्या तर फार मोठा खर्च येणार नाही. वर्षभरासाठी प्रत्येक धर्मग्रामाने एका जबाबदार स्त्रीचा फोन क्रमांक सूचनाफलकावर लावावा आणि शेजारच्या धर्मग्रामांना कळवावा. मुलगी नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी नाशिकला निघाली की तिच्या गावच्या फादरांनी इथल्या फादरांना एक फोन करावा, फिबीसाठी पौलाने केले तसे.

येथे एक सावधगिरी सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. “मी तुमच्याच चर्चचा आहे” हे वाक्य विश्वासाचे प्रमाणपत्र नव्हे. धर्मसभेतही विश्वासघात झाले आहेत. ते दडवू नयेत म्हणून परमगुरू फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये सर्व धर्मप्रांतांसाठी तक्रारीची व्यवस्था बंधनकारक केली. स्थानकावर घ्यायला येणाऱ्याचे नाव आणि फोन क्रमांक आधीच कळलेले असावेत, शक्यतो ती स्त्री असावी, आणि धर्मग्रामाच्या कार्यालयातून खातरजमा झाल्याशिवाय कोणाबरोबरही जाऊ नये, मग तो कितीही परिचित स्तोत्रे गात असो.

सर्वांत अवघड प्रश्न शेवटी उरतो. बसमध्ये कोणी अंगचटीला आले, फलाटावर कोणी पाठलाग केला, तर बहुतेक मुली ते घरी सांगत नाहीत. सांगितले तर उद्यापासून कॉलेज बंद होईल, नोकरी सोडावी लागेल, हे त्यांना माहीत असते. गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षा आपल्याला, असा तो व्यवहार असतो. त्या गप्प राहतात आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत दुसऱ्या मुलीशेजारी बसतो. म्हणून पालकांना आमची एक विनंती आहे. मुलगी प्रवासाला निघण्यापूर्वी तिला शब्द द्या की, काहीही घडले आणि तू सांगितलेस, तरी तुझे जाणे आम्ही थांबवणार नाही. हा शब्द वडिलांनी दिला तर अधिक बरे, कारण बंदी बहुधा तेच घालतात. आणि पुढे खरोखरच तसा फोन आला, तर “एवढ्या उशिरा तू तिथे काय करत होतीस?” हे वाक्य ओठांवर येण्याआधी “आत्ता कुठे आहेस, आम्ही निघतो” असे म्हणावे.

यात्रेच्या तयारीच्या बैठका लवकरच ठिकठिकाणी सुरू होतील. मंडप, प्रसाद आणि वाहनतळ यांच्या यादीत स्थानकावर उभ्या राहणाऱ्या भगिनींची नावे आणि त्यांचे क्रमांकही लिहिले जावेत, आणि ते क्रमांक यात्रेच्या पत्रकावर मिस्सांच्या वेळापत्रकाखाली ठळक छापावेत.